जुनी अमेरिकी मोटार : दिमाखाआधी कागद तपासा

कर्जत, प्रतिनिधी

लांबलचक बोनेट, क्रोमचे चकाकणारे बंपर आणि आठ सिलिंडरच्या इंजिनाचा घुमणारा आवाज. 'उत्तम स्थितीतील जुनी अमेरिकी मोटार विकणे आहे' अशी जाहिरात दिसली, की हौशी माणसाचा जीव तिच्यात गुंततो. व्यवहार लाखो रुपयांचा असतो आणि चकचकीत रंगाखाली काय दडले आहे, हे प्रथमदर्शनी कळत नाही. म्हणूनच अशा मोटारीची किंमत कशावर ठरते आणि फसगत कोठे होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला अमेरिकी मोटारींचे अप्रूप नवे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे शेवरोले मोटारींची जुळणी सुरू केली. ती १९५४ मध्ये बंद झाली. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व प्लिमथ या मोटारी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. पुढे आयातीवर कडक निर्बंध आले आणि भारतीय रस्त्यांवरून अमेरिकी मोटारी हळूहळू दिसेनाशा झाल्या.

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत वेगवान मोटारींचे युग अवतरले. १९६४ मध्ये पॉन्टियाकने मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली. तिची जाहीर शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. त्या काळी आपल्याकडे धावणाऱ्या फियाटचे इंजिन ११०० सीसीच्या आतले होते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक उमगतो. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. ज्या प्लिमथला मुंबईकर घरगुती मोटार म्हणून ओळखत होते, तिनेच १९६८ मध्ये 'रोड रनर' ही वेगवान मोटार काढली. मात्र जुन्या जाहिरातींतील अश्वशक्तीचे आकडे जसेच्या तसे आजच्या मोटारींशी ताडून पाहू नयेत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत अमेरिकेत पंखा, सायलेन्सर आदी जोडण्या काढून इंजिनाची शक्ती मोजत. त्यामुळे आकडा फुगलेला असे.

क्रमांकाची भाषा

संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक मोल असते ते अस्सलपणाला. कारखान्यातून निघताना बसवलेले इंजिन व गिअरबॉक्स आजही त्याच मोटारीत असतील, तर किंमत चढते. साध्या मोटारीला शक्तिशाली मॉडेलची नावपट्टी लावून ती विकण्याचा प्रकार जगभर चालतो. त्याची शहानिशा चॅसिस क्रमांकावरून होते. साठच्या दशकातील मस्टँगच्या क्रमांकातील पाचवे अक्षर इंजिनाचा प्रकार सांगते. तेथे इंग्रजी 'के' असेल, तर २७१ अश्वशक्तीचे खास इंजिन समजावे. १९६६ पासून जीटीओचा क्रमांक '२४२' ने सुरू होतो. १९६४ व १९६५ च्या जीटीओ मात्र क्रमांकावरून ओळखता येत नाहीत. तेथे कारखान्याचे मूळ कागदच पाहावे लागतात.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली मोटार त्यात मोडते. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, ही अट कळीची आहे. इंधनखर्च परवडेना म्हणून अनेकांनी जुन्या अमेरिकी मोटारींत डिझेल इंजिने बसवली. अशा मोटारीला व्हिंटेज दर्जा मिळवताना अडचण येऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. आधीच नोंदलेल्या मोटारीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी मोटार प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी नव्हे.

पूर्वी केवळ १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या आयातीला मोकळीक होती; २०२५ मध्ये ती ५० वर्षांहून जुन्या मोटारींना देण्यात आली. साहजिकच, साठच्या दशकातील मोटार त्याआधी देशात कशी आली, हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. सीमाशुल्क भरल्याचा कागद आणि नोंदणी पुस्तक दाखवता येत नसेल, तर स्वस्त सौदाही महागात पडतो. मूळ मोटारीचे स्टिअरिंग डावीकडे असते, हेही ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायद्यानुसार अशा वाहनाला चालू स्थितीतील इशारादर्शक असणे सक्तीचे आहे.

हवा आणि इंधन

मोटार कोठे उभी होती, यालाही महत्त्व आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून गंजतो. कर्जतसारख्या पर्जन्यछायेतील कोरड्या तालुक्यात पत्रा तुलनेने टिकतो. पण उन्हाने रबर, वायरिंगचे आवरण व आसनांचे कातडे तडकते. म्हणून रंगावर विसंबून न राहता लोहचुंबक घेऊन पत्रा तपासावा. लांबीचा जाड थर असेल, तेथे चुंबक चिकटत नाही. मोटार खाली व मागून पाहावी आणि इंजिन थंड असताना सुरू करून घ्यावे.

ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालण्यासाठी बनली होती. भारतात २००० मध्ये असे पेट्रोल बंद झाले. त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठका कणखर धातूच्या केल्या आहेत का, हे विचारावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खराब करते. इंधनाच्या नळ्या नव्या प्रकारच्या बसवून घेणे हिताचे.

व्यवहार ठरल्यावर मोटारीवर कर्जाचा बोजा नाही, याची नोंदणी कार्यालयात खात्री करावी. पैसे देण्यापूर्वी चॅसिस व इंजिनाचे क्रमांक स्वतः पाहून कागदांशी ताडावेत. क्रमांक खरवडलेला अथवा नव्याने ठोकलेला दिसला, तर विक्रेत्याचा खुलासा ऐकत न बसता सौदा सोडून द्यावा. अस्सल मोटार जतन करणे हा यंत्रेतिहासाचा ठेवा सांभाळणेच आहे. बनावट कागदांवर घेतलेली मोटार मात्र ना रस्त्यावर आणता येते, ना पुढे विकता येते.