डबा बदलायचा की नुसती डिस्क?

२०२५च्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी पहाटे पाचला घरात पीं-पीं आवाज सुरू झाला. मला वाटलं, इन्व्हर्टरच. आमच्या बार्शीत उन्हाळ्यात लाईट जाणं काही नवीन नाही. उठून बघते तर पंखा व्यवस्थित फिरतोय. आवाज येत होता टीव्हीमागच्या फळीवरून. तिथं आमचा 'डबा' असतो. त्याच्या दोन हिरव्या दिव्यांपैकी एक लाल झाला होता.

हा डबा म्हणजे काय, ते आधी सांगते. चपलांच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटरच, पण त्याला ना पडदा ना कीबोर्ड. साठवणं एवढंच त्याचं काम. राऊटरला वायरने जोडलेला असतो आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, कागद त्यात जाऊन बसतात. पुण्याच्या भाऊजींनी २०१४च्या दिवाळीत आणून बसवून दिला होता. आत दोन हार्डडिस्क, दोन-दोन टीबीच्या. जे एकीत, तेच दुसरीत. बचत गटाचा हिशेब कसा आपण रजिस्टरातही लिहितो आणि पासबुकातही, तसं. एक गेली तरी दुसरी असते. २०१९ साली एक डिस्क गेली होती, ती भाऊजींनी बदलून दिली. आता गेली ती मूळची, अकरा वर्षांची म्हातारी.

तुम्ही म्हणाल, फोटोच ना, एवढं काय! पण माझ्या डब्यात नुसते फोटो नाहीत. पंधरा वर्षं मी तालुक्यातल्या बायकांच्या तक्रारी, कागदपत्रं, कोर्टकचेऱ्या यांत त्यांच्याबरोबर फिरते आहे. बाईला घराबाहेर काढतात तेव्हा तिचे कागद घरातच राहतात, हा माझा अनुभव. म्हणून कुणी भेटली की पहिल्यांदा मी तिच्याजवळ असेल-नसेल त्या कागदाची प्रत काढून ठेवते. त्याच आठवड्यात एका वकीलबाईंचा फोन आला होता. "ताई, ती पोटगीवाली केस. नवरा म्हणतोय लग्नच झालं नाही. लग्नपत्रिका आणि फोटो आहेत का तुमच्याकडे? सोमवारी तारीख आहे." पत्रिका होती. २०१६ साली स्कॅन करून ठेवलेली. मूळ पत्रिका सासरच्यांनी केव्हाच नाहीशी केली होती. आणि माझी प्रत त्या लाल दिव्याच्या डब्यात!

भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, आधी एक करा, काहीही करू नका. डबा बंद-चालू करू नका, डिस्क उपसू नका. जे हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या." पत्रिकेचा फोल्डर उघडायला लागले, तर तो बराच वेळ उघडेचना. माझ्या पोटात गोळा आला. मग उघडला. पेनड्राइव्हवर घेतला, वर मुलाच्या लॅपटॉपवरही घेतला, तेव्हा कुठे चहा ठेवला.

चहाबरोबर घरात वाद सुरू. आमच्या ह्यांचं म्हणणं, "फेकून द्या तो डबा. सगळं गुगलवर टाका." मुलगा म्हणाला, "बाबा, फोटो हवे तेवढे फुकट ठेवणं २०२१च्या १ जूनपासून बंद झालंय. आता पंधरा जीबीच्या पुढे दर महिन्याला भाडं." माझी अडचण वेगळी होती. त्या बायकांनी कागद माझ्या हातात दिलेत, भरवशावर. ते असेच उचलून कुठेतरी ठेवायला मन होईना.

मग नुसती बिघडलेली डिस्क बदलायची? साडेसहा हजारांत काम होत होतं. सगळ्यात स्वस्त हेच. पण यात एक मेख आहे. नवी डिस्क घातली की डबा उरलेल्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवतो. कित्येक तास त्या उरलेल्या डिस्कला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं राबावं लागतं. तीही सहा वर्षांची झालेली. नेमकी त्या धावपळीतच तिने मान टाकली तर? मोठ्या डिस्क घालायच्या म्हटलं तर हेच दोनदा, आधी एक बदला, मग दुसरी.

म्हणून आधी बाहेरून जोडायची एक डिस्क आणायची ठरवली. दुकानदार म्हणाला, "काकू, डब्यात घालायलाच ही सीसीटीव्हीची घेऊन जा, सारखंच असतं." सारखं नसतं बरं का. अशा डब्यासाठी सीएमआर जातीची, दिवसरात्र चालणारी डिस्क मागायची. एसएमआर जातीच्या डिस्कवर लिहिण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे सगळं पुन्हा उतरवताना ती रडकुंडीला आणते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या काही 'रेड' डिस्क तशा निघाल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना ते सांगितलेलंच नव्हतं, यावरून जगभर ओरड झाली. मी साडेपाच हजारांची बाहेरची डिस्क तेवढी घेतली.

तरी पाहिलं, डब्यात आहे काय काय? जवळजवळ दीड टीबी! त्यातले निम्मे चिरंजीवांचे सिनेमे आणि आम्हा सगळ्यांचे 'शुभ सकाळ'चे गुलाब. ते सोडून सातशे जीबी उरलं. म्हणजे मोठ्या डिस्कचा विचार तिथेच संपला. माळा आवरल्याशिवाय नवं कपाट घेऊ नये म्हणतात ना, तसं.

संध्याकाळी उतरवायला लावलं. जुना डबा, वेग गोगलगायीचा. रात्री दोनला लाईट गेली, इन्व्हर्टरवर सगळं तगलं. मी सोफ्यावर तो एक हिरवा दिवा बघत बसले होते. त्यात सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. होत्या म्हणजे निम्म्याच. २०१७ला मुलाने चुकून तो फोल्डर पुसला आणि दोन्ही डिस्कवरून एकदम गेला. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो, हे तेव्हा कळलं. भाऊजींच्या जुन्या फोनमध्ये होत्या तेवढ्याच वाचल्या. सासूबाई २०१८ला गेल्या.

सकाळी साडेसातला सगळं उतरलं. आता प्रश्न डब्याचा. चालत होता की! पण कंपनीने त्याच्यासाठी नव्या सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं होतं. मुलाने 'माय बुक लाइव्ह'ची गोष्ट सांगितली. अशीच घरगुती साठवणीची पेटी, तिला शेवटची दुरुस्ती २०१५ला मिळाली. जून २०२१मध्ये इंटरनेटवरून कुणीतरी घुसलं आणि जगभरातल्या कितीतरी लोकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. "इंटरनेट तोडून वापरता येईल आई," असंही तो म्हणाला. येईल, पण ते रोज कोण सांभाळणार? पंखाही खरखरत होता. अकरा वर्षांच्या डब्यात नव्या डिस्क घालणं मला पटेना.

नवा डबा साडेअठरा हजार, दोन टीबीच्या दोन डिस्क तेरा हजार, बाहेरची डिस्क धरून सदतीस हजार. "सदतीस हजारांत मधल्या खोलीची फरशी होते," हे म्हणाले. खरंच होते. माझ्या भिशीचे वीस हजार आले होते, ते घातले. फरशी अजून तशीच आहे.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक हिशेब आहे. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. भाऊजींनी हे पूर्वीही सांगितलं होतं, मीच कानाआड केलं होतं. आता बाहेरच्या डिस्कला पासवर्डचं कुलूप घातलं आणि ती लातूरला माहेरी नेऊन ठेवली.

राहिली ती मेलेली डिस्क. दुकानदार म्हणाला, "द्या इकडे, दोनशे रुपये देतो." मी दिली नाही. ती आपल्याला वाचता येत नाही, म्हणजे पुसताही येत नाही. पण जाणकाराला आतलं काढता येतं. पन्नासेक बायकांची घरं होती तिच्यात. ह्यांच्या मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं स्वतः उभी राहून ड्रिलने आरपार तीन भोकं पाडून घेतली. "वहिनी, कुणाचा राग काढताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आणखी एक पाडा."

सोमवारी पत्रिकेची प्रत वकीलबाईंच्या हातात गेली. केस अजून चालू आहे. लातूरची डिस्क राखीला आणि दिवाळीला माझ्याबरोबर ये-जा करते. वहिनीने ती पैठणीच्या घडीखाली ठेवली आहे. दर वेळी विचारते, "ताई, हिला डांबरगोळ्या चालतात ना?"