निकाल लागला, पण केस संपली का?

दहशतवादाच्या केसमध्ये कुणाला जन्मठेप झाली की कॉलेजच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, 'विषय संपला.' खरं सांगते, मीही तसंच समजायचे. पण खालच्या कोर्टाने शिक्षा दिली तरी पुढे अपील असतं. आपल्या बुलडाण्याच्या सेशन्स कोर्टाचं अपील जातं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे. तिथलंच एक गाजलेलं प्रकरण बघा.

प्रा. जी. एन. साईबाबा दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. ९० टक्के अपंगत्व, व्हीलचेअरवर असायचे. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून २०१४ मध्ये अटक झाली. ७ मार्च २०१७ ला गडचिरोलीच्या सेशन्स कोर्टाने त्यांच्यासह पाच जणांना जन्मठेप आणि सहाव्याला दहा वर्षं दिली.

कायदा होता यूएपीए. त्यातलं कलम १८ मुद्दाम वाचा. स्फोट झालाच पाहिजे असं नाही. कट किंवा नुसती तयारी असली तरी किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आता स्फोट सगळ्यांना दिसतो, तयारी कशी दिसणार? ती कॉम्प्युटरमधल्या फाइल्स, पत्रं, जप्तीचे पंचनामे यांतूनच सिद्ध करावी लागते. म्हणून कागद चोख लागतात.

अपिलात नेमकं तेच तपासलं गेलं. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. यूएपीएखाली खटल्याला सरकारची मंजुरी लागते आणि साईबाबांच्या बाबतीत ती खटला सुरू झाल्यावर आली होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सुप्रीम कोर्टाने बसून या निकालाला स्थगिती दिली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये आदेश आला: वेगळ्या न्यायमूर्तींपुढे पुन्हा सुनावणी करा. ५ मार्च २०२४ ला सगळे पुन्हा निर्दोष, आणि या वेळी पुरावाही तपासून. झडती दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातल्या घराची आणि पंच मात्र निरक्षर! (हे मी दोनदा वाचलं.) माओवादी साहित्य नुसतं डाउनलोड केलं म्हणून गुन्हा होत नाही, असंही कोर्टाने म्हटलं. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, पण स्थगिती मिळाली नाही.

आता तारखा परत बघा. शिक्षा २०१७ ची, सुटका २०२४ ची. मधल्या काळात आरोपींपैकी गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण कैदेतच वारला, ऑगस्ट २०२२ मध्ये. पहिला निकाल दोनच महिन्यांवर होता. साईबाबा सुटले, पण १२ ऑक्टोबर २०२४ ला तेही गेले.

अपील केलं की माणूस सुटतोच, असंही नाही हं. पुण्याच्या जर्मन बेकरी स्फोटाच्या केसमध्ये हिमायत बेगची फाशी हायकोर्टाने २०१६ मध्ये रद्द केली. पण स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. आणि शिक्षा कमी वाटली तर ती वाढवा म्हणून सरकारही अपिलात जाऊ शकतं.

वकिलाला पैसे नसतील तर? तुरुंगातल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, निकालपत्राची प्रतही फुकट मिळते. आपल्यालाही हायकोर्टाचे निकाल वेबसाइटवर वाचता येतात. साईबाबा केसचा निकाल लांबलचक आहे, इंग्रजीत आहे. निदान त्या पंचाचा भाग तरी शोधून वाचाच.