कवटीची भिंत आणि ध्वनीची वाट

रायपूर शहरात बुढा तालाब नावाचा जुना, विस्तीर्ण तलाव आहे. वारा पडलेला असताना त्याच्या निश्चल पाण्यात थोड्या अंतरावर दोन खडे टाकले, तर दोन तरंगमाला वर्तुळाकार पसरत जाऊन एकमेकींत मिसळतात. जेथे शिखरावर शिखर येते तेथे पाणी अधिक उंच उचलले जाते. जेथे शिखर आणि दरी एकत्र येतात तेथे पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. मेंदूवरील एका आधुनिक उपचाराचे मर्म या साध्या दृश्यात आहे, आणि त्या उपचाराच्या मार्गातील सर्वांत मोठी अडचणही त्यातच आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. रुग्णालयातील सोनोग्राफी याच ध्वनीने केली जाते. असा ध्वनी उत्पन्न करणारे पुष्कळ कंपक एका वाटीच्या आतील पृष्ठावर बसविले आणि त्या सर्वांचे तरंग एकाच बिंदूवर, शिखरावर शिखर येईल अशा रीतीने पोहोचविले, तर त्या बिंदूवर त्यांचे बळ एकवटते आणि तेथील ऊतक तापते. वाटेत मात्र प्रत्येक तरंग क्षीण असल्यामुळे तेथील भागास इजा पोहोचत नाही. भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून कागद जाळावा, त्यातलाच हा प्रकार होय.

ज्याच्या हातांना सतत कंप सुटलेला असतो, त्याला पाण्याचा पेला न सांडता ओठांपर्यंत नेता येत नाही, स्वतःची सहीदेखील करता येत नाही. मेंदूच्या खोल भागात असलेल्या थॅलॅमसमधील एक लहानसा ठिपका उष्णतेने निकामी केला, तर हा कंप पुष्कळ कमी होतो. सुरी न लावता हे कार्य ध्वनीकडून करून घ्यावे, अशी कल्पना शास्त्रज्ञांच्या मनात आली, ती काही आजची नव्हे. परंतु मेंदूभोवती निसर्गाने हाडाची भिंत उभारली आहे, आणि ही भिंत ध्वनीला तीन प्रकारे अडविते.

पहिला प्रकार परावर्तनाचा. पाण्यातून घन हाडावर सरळ आदळणाऱ्या ध्वनीचा सुमारे तीन दशांश भाग पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. दुसरा प्रकार शोषणाचा. कवटीची आतली व बाहेरची थरे घट्ट असून मधला थर जाळीदार असतो. त्यातून जाताना ध्वनीची बरीच शक्ती हाडात मुरते व हाडच तापू लागते. तिसरा प्रकार या दोहोंहून सूक्ष्म आणि अधिक त्रासदायक आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. घट्ट हाडात हाच वेग सुमारे २,८०० मीटर असतो. म्हणजे हाडातून जाणारा तरंग पाण्यातून जाणाऱ्या तरंगाच्या पुढे निघून जातो.

या पुढे जाण्याचा हिशेब करून पाहावा. उपचारासाठी सेकंदाला सुमारे ६,५०,००० कंपनांचा ध्वनी वापरतात. त्याचे एक कंपन सेकंदाच्या दशलक्षांशाच्या दीडपट काळात पूर्ण होते. हाडाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे तरंग दशलक्षांश सेकंदाच्या तीन दशांशाने पुढे जातो. म्हणून कवटीच्या एका जागी जाडी दुसऱ्या जागेपेक्षा अवघी अडीच मिलिमीटर अधिक असली, तर तेथून आलेला तरंग अर्ध्या कंपनाने पुढे पोहोचतो. शिखराच्या जागी दरी येते. दोन तरंग एकमेकांना बळ देण्याऐवजी नाहीसे करतात. कवटीची जाडी सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे मूळचा रेखीव बिंदू विसकटून त्याचा अंधुक डाग होतो.

या अडचणीतून माणसाने तीन वाटा शोधल्या. पहिली वाट भिंत फोडण्याची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम फ्राय व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी १९५० च्या दशकात केंद्रित ध्वनीची यंत्रे सिद्ध केली, आणि आयोवा येथील शल्यविशारद रसेल मेयर्स यांच्या सहकार्याने कंपवाताच्या रुग्णांवर उपचार केले. त्यासाठी कवटीचा तुकडा काढून ध्वनीला वाट करून द्यावी लागे. कवटी उघडावयाचीच, तर सुरी टाळल्याचा लाभ थोडाच उरतो.

दुसरी वाट खिडकीची. कानशिलापाशी कवटीचे हाड बरेच पातळ असते. १९८२ साली रूने आसलिड यांनी या जागेतून ध्वनी आत पाठवून मेंदूतील रक्तवाहिन्यांत वाहणाऱ्या रक्ताचा वेग मोजण्याची रीत दाखवून दिली. रायपूरच्या वाचकाला या खिडकीचे महत्त्व सहज पटेल. कारण छत्तीसगडात व शेजारच्या विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग पुष्कळ कुटुंबांत आढळतो, आणि या रोगासाठी रायपूर येथे स्वतंत्र संस्थाही आहे. या रोगात लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झाली की तिच्यातील रक्त, बोटाने दाबलेल्या नळीतील पाण्याप्रमाणे, अधिक वेगाने धावते. अमेरिकेत रॉबर्ट ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचा हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक होता अशा १३० मुलांचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६७ मुलांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकालाच झाला. कानशिलाच्या पातळ हाडाने किती मुलांचे हातपाय वाचविले, हे यावरून कळते.

परंतु ही खिडकी आतली चाहूल घेण्यापुरती आहे. मेंदू तापविण्याइतकी शक्ती एवढ्याशा जागेतून पाठविली, तर तेथील हाडच पोळेल. शिवाय सुमारे शेकडा दहा ते वीस प्रौढांत ही खिडकीही पुरेशी पातळ नसते.

तिसरी वाट भिंत नीट मोजून घेण्याची. १९९८ साली बॉस्टन येथे कुलेर्वो हुनिनेन व फेरेन्स योलेस यांनी दाखवून दिले की, पुष्कळ कंपकांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या तर न उघडलेल्या कवटीतूनही ध्वनी एका बिंदूवर आणता येतो. पॅरिस येथील मातियास फिंक यांच्या गटानेही या प्रश्नावर मोलाचे काम केले. आता रुग्णाच्या डोक्याचे सी. टी. स्कॅन काढून प्रत्येक जागेची जाडी व घनता मोजतात. त्यावरून गणकयंत्र ठरविते की, कोणत्या कंपकाने किती उशिरा सुरू व्हावे. ज्याच्या वाटेत हाड जाड, त्याने थोडे थांबावे. म्हणजे सर्व तरंग बरोबर एकाच क्षणी पोहोचतात. ३० सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोलात असे १,०२४ कंपक असतात. शक्ती एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर विभागली गेल्याने हाडाचा कोणताही एक भाग फार तापत नाही.

उपचाराच्या वेळी रुग्णाचे सर्व केस काढतात, कारण केसांत अडकलेली हवा ध्वनीला अडविते. डोके व कंपक यांच्यामध्ये हवा काढून टाकलेले थंड पाणी खेळविले जाते. त्याने त्वचा व हाड थंड राहते. प्रथम सौम्य ऊब देऊन एम. आर. आय. यंत्रात बिंदू योग्य जागी आहे की नाही हे पाहतात. मगच तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. रुग्ण जागा असतो. मध्ये मध्ये त्याला कागदावर मळसूत्रासारखी रेघ काढावयास सांगतात, आणि थरथरणारी ती रेघ हळूहळू सरळ होत जाते. जेफ इलायस व सहकाऱ्यांनी ७६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला होता. मात्र काहींना बधिरता आली, काहींची चाल डळमळीत झाली. वर्षानंतरही बधिरता १४ टक्के रुग्णांत व चालीतील दोष ९ टक्के रुग्णांत शिल्लक होता.

आणि कवटीने आपला हक्क पूर्णपणे सोडलेला नाही. मधल्या जाळीदार थराची घनता बाहेरच्या घट्ट थरांच्या मानाने किती, याचे गुणोत्तर स्कॅनवरून काढतात. हे गुणोत्तर ०.४ च्या बरेच खाली असले, तर ध्वनी हाडातच विखुरतो आणि मेंदूतील बिंदू पुरेसा तापत नाही. अशा रुग्णाचा कंप कितीही तीव्र असो, त्याला बहुधा शस्त्रक्रियेचा जुनाच मार्ग सुचवावा लागतो. त्याच्या व्याधीत काही वेगळे नसते. वेगळे असते ते त्याचे हाड. अशा माणसालाही पेला न सांडता ओठांशी नेता यावा, यासाठी कवटीचे मोजमाप अधिक बारकाईने करण्याचे प्रयत्न आज चालू आहेत.