‘पळून नाही, लपून राहिलं ते!’

पहाटे पाणी प्यायला उठलेल्या लेकीने तीन मोजली होती. साडेसहाला मी दूध आत घेतलं तेव्हा पिंजऱ्यात दोनच!

आमच्याकडे तर्री आणि पोहा नावाचे दोन गिनी पिग. एक लालसर, दुसरा पिवळट-पांढरा. नागपुरात राहून दुसरी नावं सुचणं कठीणच. विकणाऱ्याने ‘दोन्ही माद्या आहेत ताई, काही टेन्शन नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. फेब्रुवारीत आणले आणि ऐन मे महिन्यात तर्री बाळंतीण झाली. पोहा मादी नाही, हे आम्हाला असं कळलं.

मांजरीची पिल्लं डोळे मिटलेली असतात, आठवडाभर जागची हलत नाहीत. गिनी पिगचं तसं नाही, बरं का! दोन-सव्वादोन महिने आईच्या पोटात राहून ती येतात तीच अंगावर केस, तोंडात दात आणि डोळे टक्क उघडे घेऊन. काही तासांत दुडूदुडू पळतात. वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे एखादं मोठंसं निंबूच. आमच्या पिंजऱ्याच्या गजांमधून तर्रीचं डोकं जात नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त. पिल्लाचं गेलं. आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच.

मग काय, घरभर पळापळ. लेक दिवाणाखाली, हे फ्रिजमागे, मी हातात झाडू घेऊन (कशासाठी ते मलाही ठाऊक नाही). मागचं दार सताड उघडं, अंगणात शेजारच्यांचा बोका. दहा वाजता बाहेर ऊन असं की अनवाणी पाय टेकवणार नाही. ज्या शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे या जीवाचं काय व्हावं? मूळचा हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. थंड हवेचा. तिशीच्या आसपास तापमान गेलं तरी त्याला धाप लागते.

सासूबाई मात्र खुर्चीतून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, “अगं, धावू नको तू. ते पळून नाही राहिलं, लपून राहिलं.”

पुढे या प्राण्याबद्दल बरंच वाचलं, पण सासूबाईंच्या त्या एका वाक्यापेक्षा उपयोगाचं काही मिळालं नाही. अँडीजमधल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी माणसाळवला, तोही खाण्यासाठी. त्याला ना चढता येत, ना सशासारखं बीळ खणता येत. कुणीतरी आपल्याला खाणार आहे, एवढंच त्याच्या रक्तात भिनलेलं. म्हणून तो मोकळं मैदान शोधत नाही, अंधारा कोपरा शोधतो. भिंतीच्या कडेकडेने जातो. आपण पाठीमागे धावलो की आणखी आत शिरतो.

सासूबाईंच्या सांगण्यावरून आधी मागचं दार लावलं. सगळ्या दारांच्या फटीत जुन्या चादरी कोंबल्या. जमिनीवरच्या वायरी काढल्या, कारण यांचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि समोर येईल ते कुरतडतात. मग भिंतींच्या कडेने तांदळाची पिठी भुरभुरवली. तासाभराने लोखंडी कपाटाजवळ इवलीशी पावलं! पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. ओळखायला अगदी सोपं. हात घालण्याऐवजी तर्रीला खोक्यासकट कपाटाशी ठेवलं आणि आम्ही सगळे बाजूला झालो. तिने बारीक आवाज काढला नि दोन मिनिटांत निंबू आईच्या पोटाखाली! मोठा गिनी पिग असता तर सांभाराची पन्नी नुसती खुळखुळवली तरी भागलं असतं. त्या आवाजाला ते घरच्या कुठल्याही कोपऱ्यातून ‘वीक-वीक’ ओरडत उत्तर देतात.

त्याच आठवड्यात इतवारीत लोहाओळीत जाऊन अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी आणली. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी घेऊ नका, ती वाकते. जाळी गजांच्या बाहेरून खालच्या वीतभर भागात बांधली. तळाला मात्र जाळी नको हं, पाय सोलवटतात. सपाट तळ आणि त्यावर जाड सुती कापड किंवा सुकं गवत. दाराची कडी वर सरकणारी असेल तर ते नाकाने उचलतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तिथे बांगडीतली सेफ्टी पिन कामी आली. खोकं भिंतीला चिकटून ठेवलं होतं, तेही मध्यभागी सरकवलं. चढता येत नसलं तरी खोक्यावरून टुणकन उडी मारून वीतभर उंचीची कड ओलांडता येते.

पण खरा फरक पडला तो आत दोन खोकी ठेवल्याने, प्रत्येकाला दोन दारं असलेली. आधी रात्रभर गज चावण्याचा करकर आवाज यायचा, तो थांबला. लपायला आतच जागा मिळाली तर बाहेर कशाला जायचं? दुकानात मिळणारे ते गोंडस छोटे पिंजरे, माझ्या मते, पळायला शिकवण्यासाठीच बनवतात. दोघांना निदान साडेसात-आठ चौरस फूट जागा हवीच. आणि हो, पोह्याला वेगळा पिंजरा केला, लगेच! बाळंतपणानंतर काही तासांतच मादीला पुन्हा दिवस जाऊ शकतात. नर पिल्लंही तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात.

एवढं सगळं शिकून, डिसेंबरात आम्ही चुकलोच. कोवळं ऊन होतं. पोह्याला अंगणातल्या हिरवळीवर सोडून वर बांबूचं टोपलं पालथं घातलं. मी वाळवण उचलायला गच्चीवर गेले, पाच मिनिटं, फार तर सात. टोपलं उलटं पडलेलं, पोहा नाही. बोका, कावळे, मागच्या प्लॉटवरचं मुंगूस... कोण ते कळलं नाही. लेकीने तीन दिवस सांभाराची पन्नी खुळखुळवत गल्ली पालथी घातली. तुळशीवृंदावनामागे पाहिलं, कुंड्यांच्या मागे, नालीवरच्या फरशीखाली पाहिलं. अंगणभर पिठी टाकली. सकाळी त्यावर फक्त मांजराची पावलं होती.

सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतः जाऊन त्यांनी टोपलं उचलून माळ्यावर टाकलं.

आता अंगणात जायचं तर जाळीचं झाकण असलेली चौकट, चारी कोपऱ्यांवर विटा, जमिनीशी जिथे फट दिसेल तिथेही वीट, आत एक खोकं आणि शेजारी खुर्चीवर कुणीतरी बसलेलं. फोन आला तर आधी प्राणी आत, मग फोन. मार्चनंतर तर अंगण बंदच. कूलरच्या खोलीत, पण झोतापासून बाजूला, अशी त्यांची जागा. ‘त्यांची’ म्हणजे तर्री आणि तिच्या दोन लेकी. तिसरं पिल्लू नर निघालं. ते लेकीच्या मैत्रिणीकडे गेलं, सोबत लोहाओळीतल्या जाळीचा उरलेला तुकडा देऊन. जाताना लेकीने तिला बजावलं, “तो हरवला ना, तर धावू नकोस. आधी दार लाव.”