दुखत नाही, तेव्हाच तपासा! मुलीपासून आजीपर्यंत कोणत्या वयात कोणती तपासणी करायची?

बदलापूर : पोराला ताप आला की आई लगेच दवाखान्यात धावते. नवऱ्याचं बीपी आणि सासऱ्यांची शुगर तिला तोंडपाठ असते. पण "तुझं स्वतःचं हिमोग्लोबिन किती?" असं विचारलं, तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. हेंद्रेपाडा असो की अंबरनाथ तालुक्यातली वाडी, बाई दवाखान्यात जाते ती बाळंतपणाला, नाहीतर अगदीच अंग टाकल्यावर. मधली वीस-तीस वर्षं "काही होत नाही, जाऊ दे" म्हणत निघून जातात. रक्त कमी होणं, बीपी वाढणं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ही दुखणी नेमकी याच वर्षांत गुपचूप वाढतात. म्हणून कोणत्या वयात काय तपासायचं, ते समजून घेऊ.

१० ते १९ वर्षं : रक्त आणि लस

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्त कमी आहे. त्याची सुरुवात पाळी आल्यापासूनच होते. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. ती जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळपट झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळेच होतं. वर्षातून दोनदा जंताची गोळी आणि १० व १६ व्या वर्षी टीडीचं इंजेक्शन चुकवू नये.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यावर लस आहे. ९ ते १४ हे तिचं सर्वात योग्य वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी लस तयार केली आहे. आपल्या भागात ती कुठे आणि कोणत्या वयाला मिळते, हे आशाताईंना विचारा.

गरोदरपण : नोंद बारा आठवड्यांच्या आत

पाळी चुकली की लगेच नोंद करा. किमान चार तपासण्या हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर उपचार हवेत, ७ च्या खाली असेल तर मोठं रुग्णालयच गाठावं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा तोंडावर सूज येणं हे बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं. त्या वेळी थांबू नका, १०८ ला फोन करा.

एक गोष्ट बऱ्याच जणींना कोणी सांगत नाही. गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढेही अधूनमधून शुगर तपासावी लागते. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

तिशीनंतर : सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

मुलं मोठी होतात आणि बाईची तपासणी थांबते. खरं तर तीस पूर्ण झाली की दरवर्षी बीपी आणि शुगर तपासायची, आणि दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड या तीन ठिकाणच्या कॅन्सरची तपासणी करायची, असा सरकारी नियम आहे. पण त्याच सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या १०० महिलांपैकी जेमतेम दोघींची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झालेली आढळली.

या तपासणीने खरंच फरक पडतो का? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या बायकांनी दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. गावांचे गट करून काहींत एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तर एका गटात नेहमीप्रमाणेच चालू ठेवलं. आठ वर्षांनंतर नेहमीच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते. चाचणी झालेल्या, तेवढ्याच मोठ्या गटात ३४. हा निष्कर्ष २००९ साली जगभर गाजला.

एचपीव्हीची चाचणी महाग पडते, म्हणून सरकारी केंद्रात सहसा 'व्हीआयए' करतात. त्यात गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रव लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का ते बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम, कापाकापी नाही. डाग दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही, पुढची तपासणी करायची एवढंच. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांकडून हीच तपासणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा करून घेतली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदा करून सोडायची ही तपासणी नाही, परत-परत करायची आहे.

स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून हाताने तपासून घेणं गरजेचं. मिश्री लावणाऱ्यांनी तोंडाची तपासणी अजिबात टाळू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायचं औषध नव्हे.

चाळिशी ते साठी आणि पुढे

पाळी जाण्याच्या काळात अंगावरून जास्त जाणं "या वयात होतंच" म्हणून सोसू नका. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झालं आणि परत थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. कोणी थेट "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर आधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका गाजला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

साठीनंतर बीपी-शुगरसोबत डोळे, हाडं आणि तोल सांभाळा. दूध, नाचणी, सकाळचं ऊन आणि रोजचं चालणं सोडू नका.

जायचं कुठे?

पहिली पायरी आशाताई आणि जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढे बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने कागद सोबत न्या. व्हीआयए पाळीच्या दिवसांत होत नाही, त्यामुळे तारीख बघून जा.

ओपीडी सकाळची आणि कामाची वेळही सकाळचीच, ही खरी अडचण आहे. एमआयडीसीत जाणारी, भाजी विकणारी किंवा लोकल पकडणारी बाई त्या दिवसाच्या मजुरीला मुकते. म्हणून घरच्यांनी वर्षातला एक दिवस तिच्यासाठी आधीच ठरवावा. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून गेलं तर लाजही कमी वाटते. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख तिथेच अलार्म लावून टाका.