आधी ग्रंथ, मग विद्यापीठ

विद्यापीठ म्हणजे इमारती, विद्याशाखा आणि पदवीदानाचे समारंभ, अशी समजूत आपल्याकडे सार्वत्रिक असली, तरी तोक्यो विद्यापीठाचा इतिहास वाचताना मन थबकते ते त्याच्या ग्रंथालयापाशी. १८७७ साली विधी, विज्ञान, साहित्य आणि वैद्यक या चार शाखांनिशी ते स्थापन झाले. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारे मॅक्सम्युलर निवर्तल्यावर त्यांचा खाजगी ग्रंथसंग्रह इवासाकी नामक धनिकाने विकत घेऊन या विद्यापीठास अर्पण केला. आणि १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपामागून भडकलेल्या आगीत तो, इतर लक्षावधी पुस्तकांसह, भस्मसात झाला. रॉकफेलरांच्या देणगीतून १९२८ साली नवे ग्रंथालय उभे राहिले खरे, परंतु गेलेला संग्रह तो गेलाच.

गोमंतकात क्रम निराळा. पणजीचे सरकारी ग्रंथालय १८३२ चे, म्हणजे तोक्योच्याच काय, मुंबईच्या विद्यापीठाहूनही वडील. आणि गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर अवतरले ते १९८५ साली. या दीडशे वर्षांच्या दिरंगाईचा बहुतेक भाग फिरंगी अमदानीच्या नावे मांडता येतो. शेवटची चोवीस वर्षे मात्र आपल्याच खाती पडतात.

उशिरा आलेल्या या विद्यापीठाच्या पदरी दोन दुर्मीळ ग्रंथसंग्रह पडले: एक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा, दुसरा पांडुरंग पिसुर्लेकर यांचा. पिसुर्लेकर हे डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतील पिसुर्ल्याचे. १५९५ साली दियोगु दु कौतु याच्या हवाली झालेल्या पोर्तुगीज दफ्तरखान्याची सूत्रे १९३० पासून सुमारे तीन दशके त्यांच्या हाती होती, आणि तेथील कागदांतून मराठे व पोर्तुगीज यांच्यातील तह, वकिलाती, खलिते त्यांनी अशा चिकाटीने उलगडले की, त्यांना वगळून या विषयावर लिहू पाहणारा आजही फसतो. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या काबिजादींची कथा बरीचशी त्याच कागदांत दडलेली आहे.

पेडण्यातील विर्नोड्याचे आणि डिचोली तालुक्यातील साखळीचे, ही दोन्ही सरकारी महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी पदवी हाती पडण्यापूर्वी एकदा तरी पणजीची बस धरावी, पुढे ताळगावचे पठार चढावे, आणि पिसुर्लेकरांची पुस्तके मागून घेऊन त्यांत आपल्या गावाचे नाव शोधावे.