सरकारी कागद : छापील जपावा की डिजिटल?

हिंजवडीचा आयटी पार्क आपल्या माण गावच्या शिवारात पसरला, मेट्रो मार्गिका ३ चा डेपोही इथेच आला. जिथे जमिनीचे एवढे व्यवहार होतात, तिथे सरकारी कागद नीट जपला जाणे ही प्रत्येक घराची गरज आहे. त्याबद्दलचे काही समज मात्र घातक आहेत.

गैरसमज : राजपत्र ही औपचारिकता, काम झाले की त्याची गरज संपते.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ प्रमाणे संपादनाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, त्या दिवसापासून जमीन शासनाची होते. मोबदल्याचा किंवा गटाच्या क्षेत्राचा वाद वर्षानुवर्षे चालतो. तेव्हा वारसांना नेमका तोच अंक लागतो.

गैरसमज : सगळे ऑनलाइन आले, आता छापील प्रती रद्दीत गेल्या तरी चालतील.
वस्तुस्थिती : केंद्राचे राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने त्याला कायद्याचा आधार आहे. जुन्या अंकांचे तसे नाही. स्कॅन करताना पान सुटते, नकाशावरचे आकडे पुसट येतात. ते पडताळायला मूळ छापील अंकच हवा. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमधल्या फायली तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे दाखवतात, त्यांत गावाचे नाव शोधूनही सापडत नाही.

गैरसमज : कागद कपाटात आहे म्हणजे सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या असंख्य फायली जळाल्या. एकच प्रत असलेला कागद असा एका दुपारीत जातो. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने दुर्मीळ ग्रंथ आणि अहवाल स्कॅन करून इंटरनेटवर खुले केले. ग्रंथ आणि त्याचे डिजिटल रूप एकमेकांना सांभाळतात, ते असे.

गैरसमज : संकेतस्थळावर दिसणारा सातबारा कुठेही चालतो.
वस्तुस्थिती : महाभूलेखवरचा विनास्वाक्षरी उतारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा किंवा तलाठ्याने प्रमाणित केलेला उताराच लागतो.

गैरसमज : जतन हे फक्त पुराभिलेखागाराचे काम.
वस्तुस्थिती : कार्यालयांच्या फायली अभिलेखागारात जातात, छापून निघालेली प्रकाशने ग्रंथालयांत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने देशातल्या चार ग्रंथालयांना प्रत्येक प्रकाशनाची प्रत मिळते, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे; वगळली आहेत ती केवळ कार्यालयीन वापराची पुस्तके.

तरीही मुंबई माणपासून लांब आहे. गावच्या वाचनालयाने पुणे जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिका आणि माणच्या गटांचा उल्लेख असलेले राजपत्राचे अंक यांचा छापील संच करावा, त्याच्या स्कॅन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि प्रत्येक कागदावर तो कुठून व कधी मिळवला याची नोंद करावी. याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक जबाबदार माणूस आणि ग्रामसभेचा एक ठराव.